बंद केलेलं पाणी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी सुप्रभात, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आणि मंडळाच्या कार्यक्रमांची पत्रकं येतात. तिथे एका संध्याकाळी भाच्याने फोटो टाकला: पिवळं पडलेलं कुरण, तारेचं कुंपण, कुलूप लावलेलं लोखंडी फाटक, आणि पलीकडे जमिनीत एक भलामोठा खड्डा. निनाद अ‍ॅडलेडला नोकरी करतो. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, ‘परमिट मिळालं. शनिवारी खाली.’ खाली म्हणजे कुठे, हे ग्रुपला उमगायला वेळ लागला. खड्ड्यात पाणी, पाण्याखाली गुहा, आणि आमचा निनाद पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तीत शिरणार. मग कुणीतरी शोधून माऊंट गॅम्बियरच्या जुन्या अपघातांची बातमी टाकली. आणि निनादची आई, म्हणजे माझी ताई, जी ग्रुपवर कधी दोन शब्दांच्या वर लिहीत नाही, तिने लिहिलं, ‘इतकी माणसं गेली तिथे, तर असल्या जागा कायमच्या बंद का करत नाहीत?’ धडाधड अंगठे पडले. काकांचा, वहिनीचा, पुण्याच्या मंडळींचा. माझाही अंगठा स्क्रीनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

मी इंदुरात राहते. आमच्या शहराने एक पाणी असंच बंद करून ठेवलं होतं.

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरकराला त्या दिवसाबद्दल काही सांगायला नको. आमच्याकडे पाळणा म्हणून झाला होता, सुंठवड्याचा वास बोटांना होता, आणि पटेलनगरच्या बाजूने सायरन सुरू झाले ते थांबेचनात. देवळात हवन चाललं होतं, माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि ज्या फरशीवर बसली होती ती फरशी गेली. खाली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. किती वर्षांपूर्वी तिच्यावर स्लॅब टाकला, कुणी टाकला, यावर नंतर भरपूर छापून आलं. ३६ माणसं गेली. पंप लावून पाणी उपसत होते, गाळामुळे काही दिसत नव्हतं, लष्कराला बोलवावं लागलं, शोध रात्रभर चालला. ३ एप्रिलला तिथलं बांधकाम पाडलं, मूर्ती दुसऱ्या देवळात नेल्या आणि बावडी मलबा टाकून भरून काढली. ‘बरं झालं,’ असं तेव्हा सगळं शहर म्हणालं. मला मात्र त्या दिवसांतली एकच गोष्ट अजून टोचते. तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांना आपण पाण्यावर बसलोय हे ठाऊकच नव्हतं. पुरुषभर उंचीचा कठडा असता, गंजकी जाळी असती, खालून शेवाळाचा वास येत असता, तर एखादी आई तरी पोराला ओढून म्हणाली असती, तिकडे नको, पाणी आहे.

आमच्या वाड्यात बावडी होती. जुन्या इंदुरातला वाडा, मागच्या अंगणात औदुंबर, त्याच्या पलीकडे पायऱ्या. आजी आम्हा मुलांना पायऱ्या मोजायला लावायची, आणि ते मोजणं खेळ नव्हता. उन्हाळ्यात पाणी खाली जाई तेव्हा सतरा पायऱ्या उघड्या पडत, श्रावणात जेमतेम पाच. नवव्या पायरीवर शेवाळ, तिथे डाव्या भिंतीला हात. बाराव्या पायरीचा दगड हलतो, त्यावर दोन पाय ठेवायचे नाहीत. चैत्रात तळ दिसायला लागला की आत एकट्याने उतरायचं नाही, कारण तिथली हवा जड असते, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणसानेही जायचं नाही. हे सगळं आम्हांला पाढ्यांच्या आधी येत होतं. शिवाय आजीची एक भीतीची गोष्ट होती, तळाशी राहणाऱ्या बाईची. आता वाटतं, ती गोष्ट म्हणजे पाचवीच्या आतल्या मुलांसाठीची पाटीच होती.

पितळी घागर सुटून तळाला गेली की गोताखोराला निरोप जायचा. मोहल्ल्यात त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी मोठ्याने घ्यायचं नाही, कारण तो घागरी काढायचा तशी माणसंही काढायचा. बुटका, रुंद छातीचा, अंगाला कायम तेलाचा वास. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक त्याच्या भावाच्या मुठीत. भाऊ पायरीवर बसून बोलायचा नाही, विडीसुद्धा ओढायचा नाही, नुसता दोर धरून. दोर एकदा हलला तर ढील द्यायची, दोनदा हलला तर ओढायचं. आम्ही मुलं वरून वाकून मोजत असू. घागर घेऊन वर आला की तो आधी भावाकडे बघे, मग आमच्याकडे. आजी त्याला चहा देई, आणि का कोण जाणे, त्याचा कप वेगळा ठेवी. तिच्या मनात जात होती की मृत्यू होता, हे आता विचारायला ती नाही.

१९७८ च्या सुमारास नर्मदा आली. जलूदहून सत्तर किलोमीटरवरून पंपाने चढवलेलं पाणी नळाला आलं, त्याचा आनंद मला आठवतो. घराघरांत लोकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. पण बावडीवर जाणारी पावलं त्याच वर्षांत कमी झाली. आधी निर्माल्य गेलं तिच्यात, मग फुटक्या फरश्या, मग जुनी गादी. पाण्याला वास सुटला तसं कुणीतरी म्हणालं, झाकून टाका, लेकरं पडतील. शहरभर हेच झालं. कुठे पत्रा, कुठे स्लॅब, स्लॅबवर ओटा, ओट्यावर देव. वाईट हेतूने कुणीही केलं नाही. गोताखोराच्या मुलाने रिक्षा घेतली.

तर या सगळ्या सामानासकट मी ताईच्या प्रश्नापाशी बसले, आणि रात्री दोन वाजेपर्यंत माऊंट गॅम्बियरबद्दल वाचत राहिले. मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. दक्षिण ऑस्ट्रेलियातला तो सगळा मुलूख चुनखडीचा. पावसाचं पाणी दगडातून गाळून खाली जातं आणि इतकं नितळ होतं की उतरणाऱ्याला आपण खोल आलोय हेच कळत नाही. १९६९ ते १९७४ या काळात तिथल्या पाण्याखालच्या गुहांनी ११ जणांचा जीव घेतला. त्यातले चार एकाच दिवशी गेले, मे १९७३ मध्ये, ‘द शाफ्ट’ नावाच्या विवरात. कुरणातल्या एका लहानशा भोकातून आत उतरायचं आणि खाली एकदम काळोखं सरोवर. नऊ मित्र उतरले. खोलवर दाबाखाली श्वासातला नायट्रोजन नशा आणतो, माणूस खुशीत येतो, दिशा विसरतो. त्यांच्यापाशी वाट दाखवणारा दोर नव्हता. पाच परत आले. गेलेल्यांत एक भाऊ-बहीण होती. शेवटचे मृतदेह काढेपर्यंत पुढलं वर्ष उजाडलं.

तेव्हाही तिथे हाच सूर उठला, की सगळं बंद करा. ज्यांच्या जमिनीत ही विवरं होती त्या शेतकऱ्यांच्या मनाची कल्पना करा. आपल्या कुरणात मेंढ्या चरतायत आणि खाली कुणाचा तरी मुलगा अडकलाय. पण त्याच १९७३ साली डायव्हरांनी स्वतःची संघटना उभी केली, केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया. विवरांच्या पायऱ्या ठरवल्या, सोपी कोणती, अवघड कोणती. परीक्षा ठेवल्या. पास झालेल्यालाच परवाना. म्हणजे निनादच्या फोटोतलं ते फाटक बंदच आहे, फक्त त्याची किल्ली कुणीतरी सांभाळतंय आणि मागणाऱ्याला आधी प्रश्न विचारतंय. मृत्यू त्यानंतर विरळ झाले. थांबले, असं मात्र म्हणता येत नाही. २०११ मध्ये त्याच भागातल्या टँक केव्हमध्ये अ‍ॅग्नेस मिलोव्का गेली, आणि ती नवखी नव्हती, जगभरच्या गुहांमध्ये फिरलेली होती. अरुंद बोळात जोडीदारापासून दूर गेली आणि हवा संपली. हे ताईला सांगायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. सांगितलं नाही.

फ्लोरिडात शेक एक्स्ली नावाचा एक तरुण होता. तिकडच्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांतल्या गुहांमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत माणसं भराभर मरत होती. याने बसून त्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९७९ मध्ये एका लहानशा पुस्तकात मांडला. सापडलं ते फार गूढ नव्हतं. मेलेल्यांपाशी बाहेरपर्यंत अखंड जाणारा दोर नव्हता, परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नव्हती, किंवा ते फार खोल गेले होते. बहुतेक वेळा या तिन्हींतलंच काहीतरी. हवेचा नियम असा: एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, उरलेली राखून ठेवायची. ती राखीव हवा बरीचशी दुसऱ्यासाठी असते. गुहेच्या टोकाला जोडीदाराची टाकी बंद पडली, तर दोघांना एकाच्या हवेवर बाहेर यायचं असतं, कारण वर छत आहे, सरळ पृष्ठभागावर जाता येत नाही. आणि तळाचा गाळ पिठासारखा बारीक. पायातल्या पंखाचा एक फटकारा चुकला की स्वतःचा हातही दिसत नाही, उरतो फक्त मुठीतला दोर. (हे वाचताना मला पायरीवर बसलेला तो भाऊ दिसला, विडी न ओढणारा.) एक्स्ली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन नावाच्या डोहात गेला, विक्रमी खोली गाठताना. नियम लिहिणारासुद्धा.

फ्लोरिडातल्या कित्येक गुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, एक पाटी असते. हातात कोयता घेतलेला सांगाडा, आणि मजकुराचा भाव असा की या गुहेत जीव द्यावा असं काहीही नाही, इथून पुढे जाऊ नका. आमच्याकडच्या ‘प्रतिबंधित क्षेत्र’पेक्षा मला ही पाटी प्रामाणिक वाटली. पण त्याहून शहाणपणाचा वाटला तो तिथल्या काही झऱ्यांवरचा एक साधा नियम. ज्यांनी गुहेचं शिक्षण घेतलेलं नाही त्यांना पाण्यात उतरू देतात, फक्त टॉर्च नेऊ देत नाहीत. दिवा नसला की माणूस उजेड संपतो तिथून आपोआप माघारी वळतो. टॉर्च हातात असला की आणखी दहा फूट, आणखी दहा फूट. कुठल्या पहारेकऱ्याने किंवा कुठल्या साहेबाने हे सुचवलं ठाऊक नाही, पण त्याने नक्कीच पोरं वाढवलेली असणार.

अर्थात सगळीकडे असं जमत नाही. फ्लोरिडातल्याच ईगल्स नेस्ट नावाच्या विवरात २०१३ च्या नाताळच्या दिवशी बाप आणि पंधरा वर्षांचा मुलगा गेले. नाताळला मिळालेली नवी उपकरणं वापरून बघायला उतरले होते. ती जागा बंद करा म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या. बंद झाली नाही. मी त्या सह्या करणाऱ्यांना वेडं म्हणणार नाही. माझ्याकडे कागद आला असता तर त्या आठवड्यात मीही सही केली असती.

आणि बंदी घातली तर काय होतं, ते नॉर्वेत दिसलं. प्लुरा नावाची गुहा, फेब्रुवारी २०१४, वर बर्फ. पाच फिनिश मित्र उतरले, दोघं शंभर मीटरहून खोल अडकून मेले. पोलिसांनी गुहा डायव्हिंगला बंद केली. ब्रिटनहून नावाजलेले लोक बोलावले, त्यांनी उतरून पाहिलं आणि सांगितलं, देह काढणं फार धोक्याचं आहे. म्हणजे देह आत, आणि बाहेर बंदी. घरचे वाट बघतायत. मार्चमध्ये मेलेल्यांचे मित्र गुपचूप परत आले, बंदी मोडून उतरले आणि दोघांनाही वर घेऊन आले. मग त्यांनीच पोलिसांना कळवलं. खटला झाला नाही. मी या गोष्टीपाशी खूप वेळ अडले. कायद्याच्या बाजूने बघितलं तर त्यांनी आणखी काही मृत्यू ओढवून घेतले असते, आणि २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बूसमन्सगाटच्या विवरात दहा वर्षांपूर्वीचा एक देह काढायला गेलेला डेव्ह शॉ तसाच गेला होता. तरी पटेलनगरची ती रात्र पाहिलेल्या शहरात राहून, आपल्या माणसाला गाळात ठेवून घरी जा, असं कुणाला कुठल्या तोंडाने सांगणार?

प्लुराला आलेल्या त्या ब्रिटिश मंडळींत रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन होते. चार वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांपर्यंत आणि त्यांच्या प्रशिक्षकापर्यंत आधी पोचले ते हेच दोघं. एक अग्निशामक दलातून निवृत्त झालेला, दुसरा कॉम्प्युटरवाला; गुहा हा त्यांचा रविवारचा छंद. त्या सुटकेत समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान गेला, मुलं सगळी वाचली. सत्तरच्या दशकात जगभरच्या सगळ्या गुहांवर स्लॅब टाकले असते, तर गढूळ पाण्यात दोराने चालणं शिकलेली ही माणसं कुठून आणली असती? अशा वेळी मला आमच्या गोताखोराचा रिक्षावाला मुलगा आठवतो, आणि त्याला दोष द्यावासा वाटत नाही, पण आठवतो.

ताईला हे मी फोनवर सांगून पाहिलं. बंदच आहे गं ती जागा, म्हटलं, किल्ली मागावी लागते, परीक्षा द्यावी लागते. ती शांतपणे म्हणाली, “मग नापास करा म्हणावं त्याला.” पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. तिने कुकर लावलेला होता, शिट्टी झाली, फोन ठेवला.

आमच्याकडचं बंद करणं फार कागदी असतं, हेही खरं. पातालपानीला लहानपणी आम्ही महूहून छोट्या गाडीने जायचो. गाडी टंट्यामामाच्या देवळापाशी थांबायची, मग ती खोल दरी आणि पाण्याचा आवाज. त्या कुंडाला तळ नाही, तो थेट पाताळात जातो, असं सगळे सांगत, म्हणून कुणी उतरत नसे. १७ जुलै २०११ ला तिथे मधल्या खडकावर एक कुटुंब अडकलं. वर डोंगरात पाऊस पडला की ते पाणी बघता बघता चढतं. पाच जण एकमेकांना घट्ट धरून उभे होते, काठावर माणसं ओरडत होती, कुणीतरी मोबाईलवर टिपत होतं. तो व्हिडिओ अजून फिरतो. मी एकदा पाहिला, परत पाहणार नाही. नंतर कठडे आले, पाट्या आल्या. दर पावसाळ्यात आसपासच्या धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात आणि दर रविवारी पोरं शेताच्या बांधावरून वळसा घालून पोचतात, पाटीला टेकून फोटो काढतात. पाताळाची गोष्ट आता त्यांना कुणी सांगत नाही. कुणी सांगितली तर हसतील.

पटेलनगरजवळ राहणाऱ्या एक बाई आमच्या भिशीत आहेत. त्यांना मी एकदा, जरा भीत भीतच, माझं म्हणणं सांगितलं: बावडी भरायला नको होती, मोकळी करून, कठडा बांधून, जाळी लावून ठेवायला हवी होती, म्हणजे दिसत राहिली असती. त्या सिंधी, बोलणं हिंदीत. म्हणाल्या, “दीदी, आपको रोज़ उधर से दूध लेने नहीं जाना पड़ता ना.” खरं आहे. मी तिथून दूध आणत नाही. ज्यांच्या घरचं माणूस त्या पाण्यात गेलं त्यांनी रोज सकाळी त्या जाळीतून खाली का बघावं? माझं मत बदललं नाही, पण त्यानंतर मी ते भिशीत काढलं नाही.

माझी मागणी आता लहान झालीय. भरायची तर भरा, पण कुठे, किती खोल, कधी आणि कशाने भरली, एवढं कुठल्यातरी नकाशावर असू द्या. कारण मलबा बसतो. वरून ठोकून सपाट केलेली जागा खालच्या विटा सरकल्या की दर पावसाळ्यात थोडी थोडी खचते.

आमचा वाडा विकून बरीच वर्षं झाली. तिथे तीन मजली इमारत आहे, खाली पार्किंग. मागच्या आठवड्यात छत्रीबागेकडे काम होतं म्हणून वाट वाकडी करून बघायला गेले. औदुंबर नाही. त्याच्या पलीकडे, जिथे पायऱ्या सुरू व्हायच्या, तिथली फरशी किंचित बसलेली आहे, आदल्या रात्रीच्या सरीचं पाणी गोल आकारात साचलं होतं आणि त्यात एका पांढऱ्या गाडीचं मागचं चाक होतं. गाडी पुसणारा तरुण चांगल्या घरचा वाटला. त्याला मी सांगितलं, इथे खाली बावडी होती, बावीस-पंचवीस फूट तरी खोल, गाडी थोडी सरकवून लावत जा आणि सोसायटीलाही कळव. त्याने फडकं पिळलं, जमिनीकडे पाहिलं, मग वर गच्चीकडे कुणी ऐकत तर नाही ना ते पाहिलं.

“आंटी, प्लीज़, किसी और को मत बोलना,” तो म्हणाला. “दिवाली के बाद मुझे ये फ्लैट बेचना है.”